रविवारची सायकल

आपल्या वस्तीत सायकल नाही असे घर पूर्वी क्वचित सापडे. वडील तिच्यावरून पाळीला जात. मागच्या कॅरियरवर दळणाचा डबा येई, पुढच्या दांड्यावर पोर शाळेत जाई. सायकल म्हणजे कामाची वस्तू. काम नसेल त्या दिवशी ती भिंतीला टेकून उभी. पुढे मोटारसायकल आली, तिचे हप्ते आले, आणि सायकल ही गरिबीची खूण आहे असे आपणच ठरवून टाकले. तीच सायकल काही काम नसताना, केवळ आपला मुलूख पाहण्यासाठी, सावकाश चालवता येते ही कल्पना मात्र आपल्या घरांत फारशी शिरली नाही. या खेपेस आम्ही तिचीच बाजू मांडणार आहोत. त्यासाठी फार लांबही जायचे नाही. शहापूर आणि मुरबाड हे आपल्याच ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके पुरेसे आहेत.

सायकलीचा मूळ पुरुष जर्मनीतला. १८१७ च्या जून महिन्यात कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थाने मॅनहाइम शहराबाहेरच्या रस्त्यावर दोन चाकांचे लाकडी यंत्र चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते. पायांनी जमीन मागे रेटत जायचे. त्याच जर्मनीत आज लोक कुटुंबासह सायकलवरून डोंगराळ मुलखात फिरतात. एका गावातून निघायचे, जुनी लाकडी चौकटीची घरे पाहायची, वाटेत भाकरतुकडा खायचा आणि दुसऱ्या गावात मुक्काम करायचा. हेसेन प्रांतात फोगल्सबर्ग नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकलवाट केली आहे. रेल्वेला उभा चढ चालत नाही. त्यामुळे डोंगरातूनही ती वाट हळूहळू चढते आणि म्हाताऱ्या माणसालाही झेपते.

हे वाचून कुणी म्हणेल, तो श्रीमंत देश, त्यांचे चोचले वेगळे. पण याच हेसेन प्रांतातल्या ओफेनबाख गावी १८९६ साली कामगार सायकलस्वारांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. तिच्या नावातच ‘एकजूट’ या अर्थाचा शब्द होता. पैसेवाल्यांच्या सायकल क्लबात कामगाराला कोण विचारतो? म्हणून त्यांनी आपलेच संघ बांधले, सायकली तयार करण्याचा सहकारी कारखानाही काढला. पहिल्या महायुद्धापूर्वी या संघटनेचे सभासद लाखाच्या वर गेले होते. रविवारी हे लोक सहलीला जात आणि निवडणुकीच्या काळात सायकलवरून गावोगाव पत्रके वाटत. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने या संघटनेवर बंदी घातली. कामगार मोकळ्या वेळात एकत्र हिंडतो, बोलतो, याचीही सत्तेला धास्ती वाटते, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडचा रविवार तरी कुठे फुकट मिळाला? नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्जांवर हजारो सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १८९० साली गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना कारखान्यांतील कामगारांच्या भरपगारी रजेचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले. सुट्टी हा कामगाराच्या हक्काचा भाग आहे असे या माणसांनी मानले. तो हक्क आपण मात्र दूरदर्शन संचासमोर नाहीतर मोबाईलमध्ये संपवतो. असो.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. कल्याणहून मुरबाड तीसेक किलोमीटर आहे. शहाड सोडले की म्हारळ, कांबा, मग उल्हास नदीवरचा रायते पूल आणि पुढे गोवेली. रस्त्यावर ट्रक आणि टेम्पोंची वर्दळ असते, म्हणून पहाटे निघावे. शहापूरकडून येणाऱ्यांनी किन्हवलीचा रस्ता धरावा. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा तो आतला रस्ता महामार्गापेक्षा कितीतरी शांत आहे. मध्ये चढउतार आहेत. चढ आला की उतरून सायकल हातात धरावी. त्यात कसलाही कमीपणा नाही. सावकाश जायचे म्हणूनच तर आपण निघालो आहोत.

मोटारसायकलवरून जाताना गाव म्हणजे फक्त पाटी. सायकलवरून जाताना गाव दिसते. भाताची खाचरे, बांधावरचे मोहाचे झाड, माघ-फाल्गुनात पेटलेला पळस, ओट्यावर वाळत घातलेली मासळी. लोक थांबवून विचारपूस करतात. किन्हवलीच्या रस्त्यावर आम्ही काही कार्यकर्ते चहाला थांबलो असता एका वृद्ध आजीबाईंनी विचारले, “कामावर निघालात का रं बाबांनो?” आम्ही म्हटले, “नाही आजी, सहज फिरायला.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “सहज कोन येवडं पायडल मारतंय?” आजींचा प्रश्न आमच्या मनात राहिला. कष्ट म्हटले की ते कुणासाठी तरी, पोटासाठी. आपल्या आनंदासाठीही घाम गाळावा हे त्यांना कधी परवडलेच नव्हते.

शहापूर तालुक्यात शिरल्यावर माहुलीचा डोंगर लांबूनच दिसतो. उंची सुमारे २८०० फूट. आसनगाव स्टेशनापासून पायथ्याचे माहुली गाव सायकलच्या टप्प्यात आहे. १६३६ साली मोगल आणि विजापूरच्या फौजांनी याच किल्ल्यावर शहाजीराजांना वेढले होते. गडावर चढायचे तर पूर्ण दिवस काढून यावे. ज्यांना तेवढे झेपणार नाही त्यांनी पायथ्याशी बसून सुळके पाहावेत, तेवढेही पुष्कळ आहे.

याच तालुक्यात पाण्याची गोष्ट पाहायला मिळते, आणि ती पाहिल्याशिवाय कुणी परतू नये. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेव्हापासून इथले पाणी मुंबईला जाते. पुढे भातसा झाले, मध्य वैतरणा झाले. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसातून जाते. आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. माणसाच्या उंचीचे पाण्याचे पाइप आणि त्यांच्या कडेने डोईवर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका, हे दृश्य चारचाकीच्या काचेआडून निसटून जाते. सायकलवर ते टाळता येत नाही. मुंबईत, ठाण्यात नळ सोडून भांडी घासणाऱ्या आपल्या मुलांना एकदा हा रस्ता दाखवाच. महाडच्या तळ्याचा इतिहास सांगणाऱ्या समाजाला पाण्याची ही विषमता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र उन्हाळ्यात जाताना आपले पाणी आपण न्यावे. जिथे एका हंड्यासाठी मैलभर चालावे लागते तिथे मोकळी बाटली पुढे करू नये.

मुरबाडहून म्हशाच्या रस्त्याला लागलो की सह्याद्रीची भिंत जवळ येते. म्हशाची यात्रा पौष महिन्यात भरते आणि तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. त्याच बाजूला सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई कोतवाल माथेरानचे, नाभिक समाजात जन्मलेले, शिकून वकील झालेले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, म्हणून इंग्रज सरकार त्यांच्या मागे लागले होते. दरवर्षी २ जानेवारीला लोक तिथे अभिवादनाला जातात. भीमा कोरेगावहून १ जानेवारीला परतलेल्या तरुणांनी एखाद्या वर्षी ही वाटही धरावी. मुरबाडच्या जवळ राहून आपल्या मुलांना हे नाव माहीत नसेल तर ती उणीव भरून काढायला एक रविवार पुरतो.

दुसरा रस्ता माळशेजकडे जातो. सरळगाव, टोकावडे मागे टाकून वैशाखरे आले की नाणेघाटाचा पायथा आला. मुरबाडपासून हे अंतर पंचवीस-तीस किलोमीटर धरावे. सायकली खाली ओळखीच्या घरी किंवा हॉटेलवाल्याकडे ठेवाव्या आणि पायी चढावे. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि तिथून पैठणला जात असे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत सातवाहन राणी नागणिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाण्यांची यादी आहे. त्या यादीतले आकडे भारतातील जुन्यात जुन्या अंकलेखनापैकी आहेत. आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांना ते पाहून विशेष आनंद होतो. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्तीही तिथे होत्या. आता त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. घाटात एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात.

हा लेख राजाराणीचा. पण या वाटेच्या दोन्ही टोकांना वेगळी माणसे भेटतात. वर जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचेही लेख आहेत. म्हणजे या कारागिरांच्या संघटनांवर लोकांचा बँकेसारखा विश्वास होता. इकडे कान्हेरीला कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. त्या काळच्या भाषेत टाक्याला पोढी म्हणत. राजांच्या मूर्ती झिजल्या. सोनाराने खोदवलेल्या पोढीचा लेख आजही वाचता येतो. वाटसरूला पाणी द्यावे, भिक्खूला निवारा द्यावा, एवढ्यासाठी हातावर पोट असलेल्या धंद्यांनी आपली कमाई या डोंगरांत घातली. ज्या रस्त्यावर आपण सायकल रेटत येतो त्या रस्त्याचा हा इतिहास आहे, आणि त्यात आपल्यासारख्यांचा वाटा मोठा आहे. बुरुडाचा पोर नाणेघाटात उभा राहिला तर तो पाहुणा म्हणून उभा राहत नाही.

सायकलीवर मुलींचा आणि आयांचा हक्क आधी मानावा. अनेक घरांत मुलीला सायकल मिळते ती शाळा लांब म्हणून. बारावी झाली की तीच सायकल भावाकडे जाते किंवा भंगारात. मुलीला शाळेपर्यंत सायकल चालवता येते तर नदीपर्यंत का नाही? आईने कधीच चालवली नसेल तर मुलीने तिला मैदानात शिकवावे. पडायची भीती चार दिवसांची. घरातल्या पुरुषाने त्या रविवारचा स्वयंपाक आदल्या रात्रीच हाताखाली घ्यावा, म्हणजे सहल सर्वांची होईल. नाहीतर बाई पहाटे चारला उठून डबे भरणार आणि बाकीचे निसर्ग पाहणार, यात कसली आली सुट्टी!

थोडी तयारी सांगतो. सायकल महागडी नको. घरातली जुनी चालेल, पण निघण्याआधी दोन्ही ब्रेक, चेन आणि टायर मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. घाटउतारावर एकाच ब्रेकवर भिस्त ठेवू नये. हवेचा पंप, पंक्चरचे सामान, गूळ-शेंगदाणे, भाकरी-चटणी आणि भरपूर पाणी जवळ असावे. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात मुलूख सुंदर दिसतो, पण माळशेजमध्ये दरडी कोसळतात. लहान मुलांना घेऊन घाटात जाऊ नये. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर दुचाकीला बंदी आहे. तिकडे वळू नये. पहिल्याच दिवशी साठ किलोमीटरची हौस करू नये. पंधरा जायचे, पंधरा यायचे. अंधार पडायच्या आत घर गाठावे. कचरा परत आणावा. पाड्यावरच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. त्यांची गरिबी म्हणजे आपल्या सहलीतले प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

या सहलीत खर्च जवळजवळ काही नाही. लागते ती सवड, आणि ती सवड आपल्या आधीच्या पिढ्यांनी भांडून मिळवलेली आहे. तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी भिंतीला टेकलेली सायकल बाहेर काढा, धूळ पुसा, हवा भरा आणि मुलांना विचारा: आधी सिद्धगड की नाणेघाट?