एकच प्रश्न बंद, बाकीचे विचारा!

'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' सोनोग्राफी सेंटरमधली ही पाटी हवीच. देशात असा कायदा सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच केला. पण या पाटीचा आपण बायकांनी भलताच अर्थ घेतलाय असं मला वाटतं. तिथे काहीच विचारायचं नसतं, असा! रिपोर्टचं पाकीट नवऱ्याच्या नाहीतर सासूबाईंच्या हाती द्यायचं आणि मुकाट घरी यायचं.

मग कधी रिपोर्टमध्ये 'स्काल्प एडिमा' असं लिहिलेलं निघतं. म्हणजे बाळाच्या डोक्याच्या त्वचेखाली पाणी साठून आलेली सूज. लगेच घरात रडारड, 'ग्रहणात काही चिरलं होतंस का?' अशी उलटतपासणी! मला राग येतो तो याचा. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. आणि सूज हा आजार नव्हे, ती खूण आहे. कारण शोधावं लागतं.

म्हणून मैत्रिणींनो, डॉक्टरांना तीन प्रश्न विचाराच. कवटीचं हाड सलग आहे ना? हाडाला फट असून आतला भाग बाहेर आला असेल, तर प्रकार वेगळा आणि गंभीर. पाणी फक्त डोक्यावर आहे, की बाळाच्या पोटात, छातीतही? तसं असेल तर बाळाचं रक्त कमी होणं, हृदयाचा दोष, संसर्ग, गुणसूत्रांतला दोष अशी कारणं तपासावी लागतात. तिसरा प्रश्न, माझा रक्तगट निगेटिव्ह आहे का? आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तातल्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तपेशी मोडू शकतात. अशा बाळाला पोटात असतानाच रक्त देण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. शिवाय हे बहुतेक वेळा टाळता येतं. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन २८व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत घ्यायचं.

कधी बातमी खरोखरच वाईट असते. तेव्हाही घाबरून आडमार्गाला जाऊ नका. २०२१ मधल्या दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने गर्भपात करता येतो. आणि सज्ञान बाईच्या बाबतीत संमती लागते ती फक्त तिचीच. सासरची नव्हे, नवऱ्याचीही नव्हे.

पुढच्या तपासणीला जाताना फाइलमध्ये प्रश्नांची चिठ्ठी ठेवा. डॉक्टरांना घाई असेलही. पण पोट तुमचं आहे, उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.