सहा लाख श्लोकांची राख

लातूरच्या एका वसतिगृहात रेक्टरांनी माझ्या भाच्याच्या उशीखालून एक पुस्तक काढून घेतलं. मोबाइल नव्हता, सिगारेट नव्हती, पुस्तक होतं. उर्सुला ल ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ सालचं, मीच दिलेलं. रात्री वसतिगृहाच्या फोनवरून तो बोलला. ‘‘मामा, सर म्हनले, ह्यातलं नीटला काय येणार हाय? कशाला वाचायलास असलं खोटंनाटं?’’ पोरगं रडत नव्हतं, लाजत होतं. चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा आवाज खाली गेला होता. तो आवाज ऐकल्यापासून माझा राग उतरलेला नाही.

शिकवण्यांच्या लातूर पॅटर्नची टवाळी करायला मी बसलेलो नाही. ज्या जिल्ह्यानं ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिली, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथल्या कोरडवाहू बापानं लेकराच्या डॉक्टरकीसाठी जमीन विकली, तर त्याला शहाणपण सांगणारा मी कोण? माझं भांडण त्या बापाशी नाही. माझं भांडण आहे त्याच्या कष्टाच्या नावाखाली लेकरांच्या वाचनावर पहारा बसवणाऱ्यांशी. ज्याचे मार्क होत नाहीत ते वाचायचं नाही, आणि जे घडलेलं नाही ते तर नाहीच नाही, असा कायदा या मंडळींनी कुणाला न विचारता लागू केला आहे. नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतही तोच कायदा आहे. सोळा-सतरा वर्षांचं लेकरू घरदार सोडून दहा बाय दहाच्या खोलीत दोन वर्षं काढतं. त्याला तिथं अर्ध्या तासासाठी दुसरं जग देऊ केलं, तर हे म्हणतात, पोरगं पळपुटं होईल.

सॉमच्या खंदकांतून परतलेल्या आणि पहिल्या महायुद्धात जिवलग मित्र गमावलेल्या अद्भुतकथाकार टोल्किनला पळपुटेपणाच्या या आरोपाचं उत्तर द्यावं लागलं होतं. १९३९ साली स्कॉटलंडमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याचं म्हणणं असं होतं, की कैदेतल्या माणसानं भिंतीपलीकडच्या जगाबद्दल बोललं तर त्यात त्याचा काय गुन्हा? रणातून पळणारा शिपाई वेगळा आणि तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी वेगळा. हा फरक आमच्याकडं कुणी करतच नाही.

पण टोल्किनकडं जायच्या आधी आपल्या नदीवर या. कथासरित्सागरात पैठणच्या सातवाहन राजाची गोष्ट आहे. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळतो आहे. एक राणी दमून संस्कृतात म्हणते, पुरे, आता पाणी मारू नका. राजाला संधी कळत नाही. ‘मा’ आणि ‘उदकैः’ जोडून झालेला ‘मोदकैः’ त्याला मोदक वाटतो आणि तो मोदक आणवतो. राणी हसते, राजा अंथरूण धरतो. दरबारात दोन पंडित. गुणाढ्य म्हणतो, व्याकरणाला एरवी बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य भडकून पैज लावतो, की तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा मी सोडल्या. शर्ववर्मा जिंकतो. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात जातो.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण लातूरला येऊ-जाऊ लागल्यावर ती मला नव्यानं कळली. सहा महिन्यांत अभ्यासक्रम पुरा करून देणारा शिक्षक जिंकला आणि गोष्टी सांगणाऱ्याला गाव सोडावं लागलं. मराठवाड्यातला हा निकाल फार जुना आहे आणि तो आपण अजून बदललेला नाही.

पुढचा भाग तर प्रत्येक रेक्टरच्या टेबलावर काचेखाली ठेवला पाहिजे. रानात गुणाढ्याला पैशाची, म्हणजे पिशाचांची भाषा उरते. त्या भाषेत तो सात वर्षं लिहितो. शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहितो. सात लाख श्लोक होतात. शिष्य ते बाड घेऊन सातवाहनाकडं जातात आणि राजा नाक मुरडतो. एवढं लांबलचक, तेही पिशाचांच्या भाषेत, तेही रक्तानं लिहिलेलं! बाड परत येतं. गुणाढ्य टेकडीवर आग पेटवतो, एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं, रानडुकरं चरणं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसतात. तिकडं राजा आजारी पडतो. कारण काढलं, तर स्वयंपाकघरात येणारं मांस सुकलेलं, कस नसलेलं निघतं, जनावरांनी खाणंच टाकलेलं असतं. राजा धावत टेकडीवर पोचतो तोवर सहा लाख श्लोकांची राख झालेली असते. उरलेला एक लाख म्हणजे बृहत्कथा.

तीही मूळ रूपात आज हाती नाही. तिच्यावरून सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीसाठी कथासरित्सागर रचला. १८ लंबक, १२४ तरंग, एकवीस हजारांवर श्लोक. त्यात आकाशातून फिरणारे विद्याधर आहेत, कळ दाबली की पाणी आणून देणाऱ्या लाकडी बाहुल्या आहेत, यंत्राच्या माणसांनी भरलेलं अख्खं नगर आहे. वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्यातच आहेत, आणि प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा त्यातला राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. चांदोबात महिन्यामागून महिने ज्याची वाट पाहिली तो विक्रम आपल्या गल्लीतला निघाला, हे नांदेडच्या घाटावर रोज फिरायला येणाऱ्या किती जणांना माहीत आहे?

म्हणून मला विचारलं, की एक अद्भुत मालिका सुचवा, तर मी पहिलं नाव कथासरित्सागराचं घेतो आणि इथंच माझं दुसरं भांडण सुरू होतं. नांदेडला आम्ही काही वाचणारे दर पंधरवड्याला एकत्र बसतो. एका बैठकीत मी हे नाव घेतलं, तेव्हा एका तरुण मित्रानं मोबाइलवरची यादी वाचायला घेतली. अठरा मालिकांची नावं, सगळी इंग्रजी, प्रत्येकीसमोर पाचपैकी तारे. मी विचारलं, यातल्या किती पुऱ्या केल्यास? तीन. मग बाकीच्या पंधरा कुणाच्या भरवशावर सुचवतोस? दुसऱ्याला पुस्तक सुचवणं म्हणजे त्याच्या आयुष्यातले दोन-तीन महिने मागणं आहे. मालिका असेल तर सहा महिने. उधारीच्या ताऱ्यांवर ते मागायचा हक्क कुणालाच नाही. ज्या पुस्तकानं तुमची झोप मोडली नाही ते दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

त्याच बैठकीत एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘‘अहो, हे राक्षस-पऱ्यांचं वय गेलं आपलं. वाचायचं तर वास्तव वाचावं.’’ वास्तव म्हणून त्यांनी नावं घेतली ती यशस्वी माणसांच्या चरित्रांची आणि सकाळी पाचला उठायला सांगणाऱ्या पुस्तकांची. सरांबद्दल मला आदर आहे, पण हे मत अडाणीपणाचं आहे आणि ते तोंडावर सांगायला हवं होतं, तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगतो. पाचला उठलं की नशीब बदलतं, याच्याइतकी खोटी गोष्ट कथासरित्सागरात एकही नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तली ‘इस्किलार’ कुठल्या नकाशावरच्या देशात घडते? ती वाचताना आपण वय विचारत नाही, मान लववतो. उदगीरला २०२२ साली साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते भारत सासणे. मराठी कथेत गूढाला आणि अद्भुताला मानाचं पान देणारा हा लेखक. २०२४ साली त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्या उदगीरच्या जिल्ह्यातच आज लेकराच्या उशीखालचं पुस्तक जप्त होतं.

आमच्या आजोबांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालं. दुपारी माजघरात बसून ते तिलिस्म-ए-होशरुबा वाचायचे आणि आम्हांला मराठीत सांगायचे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं १८८३ पासून खंडामागून खंड छापलेलं ते अजस्र काम. जादूगारांचा बादशहा अफरासियाब आणि ज्याच्या झोळीत अख्खं जग मावतं तो अमर अय्यार माझ्या ओळखीचे झाले तेव्हा मला हॅरी पॉटरचं नावही ठाऊक नव्हतं. आजोबांना कुणी हे वय शोभतं का, असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्या पिढीला उर्दूतली जादू पचली, मराठीतली पचली. कादंबरीकार नाथमाधव सिंहगडावरून पडून अधू झाले आणि पुढं त्यांनी लिहिलेली १९१३ सालची ‘वीरधवल’ घरोघर वाचली गेली. अद्भुताची लाज ही आपली परंपरा नाही. ती अलीकडं उसनी आणली आहे, आणि गुणपत्रिकेबरोबर आणली आहे.

आता माझ्या शिफारशी. नारायण धारपांचे ‘समर्थ’ वाचा. धारप १९२५ ते २००८ एवढं आयुष्य जगले, ढिगानं लिहिलं, आणि समीक्षकांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं. मग ‘तुंबाड’ चित्रपट २०१८ साली आला, त्यामागं धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे कळलं आणि लोक एकदम जुनी पुस्तकं शोधू लागले. ‘समर्थां’च्या कथा सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत, काहींचा शेवट घाईत उरकलेला आहे. पण अंधाऱ्या वाड्याची हवा मराठीत कशी लिहायची ते त्यांनी दाखवलं. हॅरी पॉटरचे सात भाग मराठीत आहेत, लेकरांना द्या. पहिल्या भागाच्या शीर्षकात फिलॉसॉफर्स स्टोनचा ‘परीस’ झाला, या एका शब्दासाठी मी अनुवादाला दाद देतो. जॉर्ज मार्टिन मी कुणालाही सुचवत नाही. १९९६ साली सुरू केलेल्या मालिकेचा पाचवा भाग त्यानं २०११ साली दिला आणि वाचकाला तिथंच ताटकळत ठेवलं. टोल्किन द्या, पण पहिली शंभर पानं धीर धरायला सांगून द्या.

आणि अर्थसी. भाच्याला मी हेच का दिलं, ते त्या रेक्टरांनी विचारायला हवं होतं. गेड हा गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा आहे, रंगानं तांबूस-सावळा. हुशार निघतो म्हणून दूर रोक बेटावर, जादूगारांच्या शाळेत जातो. तिथं एक श्रीमंत घरचा मुलगा त्याला खिजवतो. त्याच्यापेक्षा मी सरस, हे सगळ्यांसमोर दाखवायच्या हट्टापायी गेड झेपणार नाही असा मंत्र म्हणतो, आणि त्यातून जी काळी सावली जगात शिरते ती त्याच्या मागं लागते. शाळेचे वृद्ध महागुरू ती फट बुजवताना प्राण देतात. गेडच्या गालावर कायमचे व्रण राहतात आणि तो कित्येक महिने बोलत नाही. सावलीचं पुढं काय होतं ते मी सांगणार नाही. पण गावाकडून आलेल्या, हुशार म्हणून निवडलेल्या, दर आठवड्याच्या परीक्षेत कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली लागणाऱ्या पोराबद्दल याहून खरं पुस्तक मला माहीत नाही. नीटला ह्यातलं काय येणार, या प्रश्नाचं उत्तर असं, की परीक्षेच्या निकालाच्या दिवशी खोलीत एकटं बसलेल्या लेकराला ह्यातलंच काहीतरी आठवेल.

शेवटचा राग ग्रंथालयांवर. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली, अ, ब, क, ड असे वर्ग झाले, अनुदान सुरू झालं. पण मी ज्या ग्रंथालयाचा वर्षानुवर्षं सभासद आहे तिथं कथासरित्सागराचा दुसरा आणि पाचवा खंड आहे, हॅरी पॉटरचा तिसरा गायब आहे, आणि विचारलं तर उत्तर येतं, ‘‘बाकीचे भाग मागवावे लागतील, पण मागणी नाही.’’ पहिला खंड नसताना दुसऱ्याला मागणी येईल कुठून? मालिकेचा एक भाग हरवला की सगळे भाग मेले. हे समजायला ग्रंथपालाची पदवी लागत नाही, एकदा मालिका वाचलेली असावी लागते. घ्यायची तर सगळी घ्या, दोन-दोन प्रती घ्या, पहिला भाग तीन घ्या.

येत्या रविवारी मी लोहा, अहमदपूर, चाकूरवरून लातूरला जातो आहे. भाच्याचं जप्त पुस्तक रेक्टरांच्या कपाटात आहे, ते मी मागणार आहे. ते देणार नसतील तर त्यांनी आधी ते वाचावं, मी व्हरांड्यात बसून राहीन. अर्थसीचा दुसरा भाग, ‘द टुंब्ज ऑफ अतुआन’, पिशवीत घातला आहे.