मध्यस्थी : कायदा झाला, कलमे थांबली

आलमबाग (लखनौ) : अयोध्येचा वाद मध्यस्थांकडे सोपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २०१९ रोजी दिला, तेव्हा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठात शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड असे दोन मराठी न्यायमूर्ती होते. मध्यस्थीची सूचना बोबडे यांनी आधीच्या सुनावणीत केली होती. ज्या दाव्याचा निकाल लखनौ खंडपीठाने ३० सप्टेंबर २०१० रोजी दिला आणि जो पुढे दिल्लीत अडकून पडला, तो पुन्हा अवधच्याच भूमीवर, फैजाबादेत, बंद दाराआड बसून मिटवावा, अशी ती कल्पना होती. न्या. कलिफुल्ला, श्री श्री रविशंकर आणि ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांच्या समितीला यश आले नाही. २ ऑगस्टला न्यायालयाने तसे नोंदवले, ६ ऑगस्टपासून रोजची सुनावणी सुरू झाली आणि ९ नोव्हेंबरला निकाल लागला. हिंदू पक्षांपैकी काहींनी आणि उत्तर प्रदेश सरकारने मध्यस्थीला आरंभीच विरोध केला होता. ज्या पक्षाला निकालच हवा आहे त्याला समेटाच्या खोलीत बसवता येते. त्याची स्वाक्षरी मात्र मिळवता येत नाही.

मध्यस्थी सक्तीची असावी की ऐच्छिक, हा प्रश्न त्यानंतर दोनच वर्षांनी संसदेसमोर आला. मध्यस्थी विधेयक २० डिसेंबर २०२१ रोजी राज्यसभेत मांडले गेले. मूळ मसुद्यात दिवाणी वा व्यापारी दावा दाखल करण्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करणे बंधनकारक होते. सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने जुलै २०२२ च्या अहवालात या सक्तीचा फेरविचार करावा असे सुचवले आणि सरकारने ते मानले. मुदतही १८० दिवसांवरून १२० वर आली. वाढीव मुदत ६० दिवसांची राहिली. या कायद्यावर खरा विचार झाला तो समितीच्या खोलीत. सभागृहांत तो १ आणि ७ ऑगस्ट २०२३ रोजी, मणिपूरच्या प्रश्नावरून कामकाज विस्कटलेल्या अधिवेशनात, आवाजी मतदानाने मंजूर झाला. समेटाचा कायदा करताना सरकार आणि विरोधक एकमेकांशी बोलत नव्हते, याची नोंद इतिवृत्तात अर्थातच नाही.

समितीची शंका योग्य होती, हे सांगायला परदेशी दाखले शोधण्याची गरज नाही. आपल्या घरचा दाखला पुरेसा आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते-कागद जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी समेट घडवणाऱ्या नेमलेल्या व्यक्तीकडे जाणे आणि समेट झाला नाही असा तिचा दाखला आणणे त्याने सक्तीचे केले होते. दावापूर्व मध्यस्थीच ती, एकशेचाळीस वर्षांपूर्वीची. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. हेतू उदात्त होता, पण गावातील वजनदार माणसाच्या ओसरीवर ऋणको आणि धनको समोरासमोर बसले म्हणजे ते बरोबरीचे होत नाहीत. तेथे कबूल करून घेतलेला करार न्यायालयात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचे बळ मिळे, आणि न्यायाधीशाने जे व्याज कापले असते ते शेतकरी समेटात मान्य करून बसे, अशी टीका झाली. पुढे ही समेटाची व्यवस्था गुंडाळण्यात आली. एल्फिन्स्टनने १८१८ नंतर राखू पाहिलेल्या पंचायतींचेही फार वेगळे झाले नव्हते.

आलमबागेतील वाचकाला हा इतिहास दूरचा वाटू नये. वाजिद अली शाहच्या बेगमेच्या नावाने वसलेली ही बाग १८५७ मध्ये रणभूमी झाली. पुढे येथे रेल्वेचे कारखाने आले, फाळणीनंतर पंजाबी निर्वासित स्थिरावले आणि अलीकडे मेट्रो आली. बाहेरून आलेल्यांची ही वस्ती आहे आणि तिच्यात मराठी माणूसही आहे : मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेतला अभियंता, सचिवालयातला अधिकारी. लखनौच्या सराफ बाजारात खानापूर, आटपाडी, तासगावकडून आलेला गलाई व्यावसायिकही आहे. खानापूर आणि तासगाव हे तालुके १८७९ मध्ये सातारा जिल्ह्यातच होते. म्हणजे गलाईवाल्याच्या पणजोबांनी ती समेटाची ओसरी पाहिली असण्याचा पुरेपूर संभव आहे.

या व्यावसायिकाचा धंदा विश्वासावर चालतो. सोने-चांदी हातोहात दिली-घेतली जाते, नोंद चिठ्ठीवर, साक्षीला बाजार. तंटा झाला की पुरावा तोकडा पडतो. गावाकडे जमिनीच्या वाटणीचा दावा विट्याच्या न्यायालयात आणि इथे उधारीचा लखनौत, अशा दोन तारखांच्या मध्ये तो शेकडो किलोमीटर फिरतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण त्याला ठाऊक आहे, पण न चढून पैसे बुडतात. त्यात २०१८ पासून व्यापारी न्यायालयाची मर्यादा ३ लाख रुपयांवर आली आणि तातडीची मनाई मागायची नसेल तर दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जाणे आवश्यक झाले. हे कलम १२-अ बंधनकारकच आहे, ते टाळून लावलेला दावा फेटाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी ‘पाटील ऑटोमेशन’ प्रकरणात स्पष्ट केले. थोडक्यात, संसदेने सर्वसाधारण दाव्यांतून जी सक्ती काढली ती छोट्या व्यापाऱ्यावर कायम आहे. समोरचा पक्ष नोटीस घेऊन आलाच नाही तर प्राधिकरण तसा अहवाल देते आणि दाव्याची वाट मोकळी होते; मधले महिने गेले ते गेले. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याच्यासाठी ही आयती सवलत ठरते.

नव्या कायद्यात या माणसाला खरोखर उपयोगी पडेल अशा दोन तरतुदी आहेत. कलम ३० प्रमाणे मध्यस्थी ऑनलाइन होऊ शकते. विट्याचा भाऊ आणि लखनौचा भाऊ आपापल्या ठिकाणाहून, मराठीत, बोलू शकतात. कलम २७ प्रमाणे मध्यस्थीतून झालेल्या कराराला हुकूमनाम्यासारखे बळ मिळते. त्याला आव्हान फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी किंवा मध्यस्थीला अपात्र विषय एवढ्याच कारणांवर देता येते. राष्ट्रपतींची संमती सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाली. परंतु ९ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने जी कलमे लागू झाली ती मुख्यतः परिषदेची रचना, नियम करण्याचे अधिकार अशी होती. २७ आणि ३० त्यांत नव्हती. वस्ती-मोहल्ल्यातील तंट्यांसाठीची सामुदायिक मध्यस्थीची ४३ आणि ४४ ही कलमेही नव्हती. मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या उपस्थितीत दिल्लीत पहिली राष्ट्रीय मध्यस्थी परिषद भरली, तेव्हाही कायद्याने स्थापायची वैधानिक मध्यस्थी परिषद अस्तित्वात आलेली नव्हती. त्याच वर्षी १ जुलैपासून, भूषण गवई सरन्यायाधीश असताना, प्रलंबित दाव्यांसाठी नव्वद दिवसांची देशव्यापी मध्यस्थी मोहीम झाली. ती न्यायालयांनी आपल्या जुन्या यंत्रणेवर चालवली. संसदेने केलेला कायदा कपाटात आणि काम न्यायपालिकेच्या उत्साहावर, हे चित्र फारसे भूषणावह नाही.

सामुदायिक मध्यस्थीचा प्रयोग महाराष्ट्राने संसदेच्या सोळा वर्षे आधी केला होता. तासगावचेच आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने तंटे मिटवावेत आणि लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्कार घ्यावा. पहिल्या वर्षांत पोलिस ठाण्यांतील ओझे हलके झाले, हे अधिकारीही मान्य करीत. पण पुरस्कार हाच हेतू झाल्यावर तंटा मिटवण्यापेक्षा तो मिटल्याची नोंद महत्त्वाची ठरू लागली, आणि समितीत सरपंचाच्या गटाची माणसे असतील तर विरोधी गटातील शेतकऱ्याला ओसरीचा जुना अनुभव पुन्हा येऊ लागला. केंद्राच्या कायद्याने एक शहाणपण दाखवले आहे : सामुदायिक मध्यस्थीतला समझोता हुकूमनामा म्हणून बजावता येणार नाही आणि दोन्ही पक्षांची पूर्वसंमती लागेल. १८७९ ची चूक इथे तरी टळली.

घरातल्या तंट्याचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या सूचना उचलून धरल्या : विवाहितेच्या छळाच्या तक्रारीनंतर दोन महिने अटक नाही, प्रकरण आधी कुटुंब कल्याण समितीकडे. खोट्या तक्रारींमुळे वृद्ध सासू-सासरे तुरुंगात जातात हे खरे आहे. पण माहेर सांगलीला आणि सासर लखनौत असलेल्या मुलीने ते दोन महिने कोणत्या छताखाली काढायचे, याचे उत्तर समितीच्या कार्यकक्षेत नाही. अशाच समित्यांचा पहिला आदेश २०१७ चा. तोही उत्तर प्रदेशातल्याच खटल्यातून निघाला होता आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो मागे घेतला होता. मारहाण असेल तेथे मध्यस्थी नको, एवढे तरी निःसंदिग्धपणे लिहिले जायला हवे.

राहिला सर्वांत मोठा पक्षकार, सरकार. जिल्हा न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक खटले तुंबलेले असताना सामान्यांना समेटाचा उपदेश करणारे शासन स्वतः क्वचितच समेट करते. नव्या कायद्यातही सरकार पक्षकार असलेले वाद मुख्यतः व्यापारी स्वरूपाचेच येतात आणि समझोत्यावर सही करण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची लेखी पूर्वसंमती लागते. आलमबागच्या कारखान्यातील कोणत्याही कंत्राटाची फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला विचारावे, तो सांगेल : ठेकेदाराला लवादाने दोन कोटी द्यायला लावले तर कोणी जाब विचारत नाही, आपण एक कोटीत मिटवले तर दक्षता विभागाची चिठ्ठी येते. अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ च्या परिपत्रकाने १० कोटींवरील वादांत लवादाचे कलम सरसकट घालू नये आणि मध्यस्थीला प्रोत्साहन द्यावे असे सुचवले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला, रेल्वे विद्युतीकरण संघटनेच्या प्रकरणात, लवादाची एकतर्फी नेमणूक करण्याच्या पद्धतीला घटनापीठाने चाप लावला. म्हणजे लवादाची सोयीची वाट अरुंद झाली. मध्यस्थीची रुंद व्हायची तर सद्‌हेतूने केलेल्या समझोत्याला चौकशीपासून संरक्षण देणारा स्पष्ट आदेश हवा. प्रोत्साहन द्या, एवढ्याने फाइल हलत नाही, हे परिपत्रक लिहिणाऱ्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

या कायद्याचे कोणते कलम कोणत्या तारखेपासून लागू झाले, परिषदेवर कोण आहे, ऑनलाइन मध्यस्थीत पक्षकाराच्या भाषेची सोय कोणत्या जिल्ह्यांत आहे आणि रेल्वेने किती कंत्राटी वाद या मार्गाने मिटवले, हे चार प्रश्न तारांकित यादीत घालण्यासाठी एक खासदार पुरतो. उत्तर प्रदेशातून लोकसभेत ८० जण जातात आणि महाराष्ट्रातून ४८.