ग्रामपंचायतीच्या दारात थांबलेली तार

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे वीस हजार कोटी खर्च आणि मुदत दोन वर्षे. त्यातल्या पहिल्या एक लाख ग्रामपंचायती जोडल्याचे जाहीर व्हायला डिसेंबर 2017 उजाडला. मध्ये सरकार बदलले, योजनेचे नाव 'भारतनेट' झाले. (नाव बदलायचे काम आपल्याकडे वेळेत होते.) ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित कार्यक्रमाला 1.39 लाख कोटी मंजूर झाले.

पण उशीर हा माझा मुख्य आक्षेप नाही. तार कुठे थांबते, हा आहे. मूळ योजनेत ती ग्रामपंचायत कार्यालयात थांबते. कार्यालय सहसा गावठाणात असते. बौद्धवाडा आणि कातकऱ्यांचा पाडा गावकुसाबाहेर. सरकारी नोंदीत गाव जोडले गेले, आणि वाड्यातली मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बदलापूर किंवा अंबरनाथच्या सायबर कॅफेत जाते!

आपल्याला हा प्रकार नवा नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, हा बोले ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना 20 मार्च 1927 रोजी माणसे घेऊन जावे लागले. ठराव होता, पाणीही होते. अडवणारेही होते.

सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांना 'मागणी केल्यास' जोडणी मिळणार आहे. मागणी कोण करणार? ज्याचा ग्रामसभेत आवाज चालतो तो. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत गावाविषयी जे सुनावले, ते हा शब्द योजणाऱ्यांनी एकदा वाचावे.

आणि शहरातल्या आपल्या वस्त्यांचे काय? उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ-बदलापूरला नगरपालिकांचा कारभार. म्हणजे भारतनेटच्या हिशेबात या वस्त्या नाहीतच. खाजगी कंपनी केबल टाकते ती महिन्याचे बिल भरणाऱ्या सोसायट्यांमध्ये. गंमत बघा, ही योजना ज्या सार्वत्रिक सेवा निधीवर उभी राहिली, तो दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातल्या पाच टक्क्यांतून भरतो. कंपन्यांचा महसूल येतो आपल्या रिचार्जमधून. उल्हासनगरात जीन्स शिवणारा कारागीरही त्यात पैसे घालतो आणि त्याच्या खोलीतली पोर एका मोबाईलवर तिघींत वाटून अभ्यास करते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत अंबरनाथ तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : कार्यालयातली जोडणी आज चालू आहे का, आणि वाड्या-पाड्यांसाठी मागणीचा ठराव. ठरावाची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नये. शहरातल्यांनी पालिकेच्या अंदाजपत्रकाआधी निवेदन द्यावे, की प्रत्येक वस्तीच्या समाजमंदिरात अभ्यासिका आणि तिथे फुकट इंटरनेट हवे. लग्नाच्या हॉलसाठी निधी निघतो, तर यासाठीही निघेल.