साठी आली, पण बुद्धी नाठी होऊ देऊ नका

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण गावागावांत इतकी मुरली आहे की, घरातला म्हातारा माणूस एकच गोष्ट चारदा विचारू लागला, पैशाच्या हिशेबात गोंधळू लागला, नाहीतर मळ्याच्या रोजच्या वाटेवर चुकला, की 'म्हातारचळ लागला' असे म्हणून आपण मोकळे होतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, ही समजूत आता सोडली पाहिजे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे आणि वाट चुकणे निराळे. दुसरा प्रकार आजाराचा असू शकतो. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे दुखणे, राबणाऱ्याला कसले होतेय, असे कोणी म्हणेल. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज उलटा आहे. साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. त्यातही शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त.

जन्मभर राबलेला माणूसही उतारवयात बसतो, हे आपण पाहतोच. औत गेले, ट्रॅक्टर आला. शेतावर जायला मोटारसायकल आली. गुडघे धरले की मुलगा म्हणतो, "आबा, आता तुम्ही बसा." त्यात माया असते, पण ते बसणेच बाधते.

अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला. त्यांच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते हातपाय ताणणाऱ्यांचा तोच भाग आक्रसला. फिनलंडमध्ये या आजाराचा धोका असलेल्या ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांना निवडले. त्यातल्या निम्म्यांना दोन वर्षे व्यायाम, योग्य आहार, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर नजर, असे सगळे मिळून दिले. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची बुद्धी तल्लख राहिली. हा निष्कर्ष २०१५ सालचा.

चालण्याने लागलेला आजार बरा होत नाही, आणि तो हमखास टळेल असेही नाही. पण बिडी, दारू, वाढलेला रक्तदाब, साखर, बहिरेपण, अधू नजर, एकटेपणा अशी टाळता येण्याजोगी १४ कारणे तज्ज्ञांनी २०२४ साली मांडली. ती सगळी आवरली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे.

तेव्हा आधी उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. मग आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास जरा भरभर चाला. दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालेल. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा. तोल सांभाळेल, पाय बळकट होतील. छातीत दुखले, चक्कर आली, तर थांबा आणि दवाखाना गाठा. घरातल्या आजीचे काम चुलीपाशी संपत नाही म्हणून तिला वगळू नका. तिलाही बाहेर चालू द्या.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, तुमचेही काम आहे. गावालगतचा एक रस्ता खड्डे बुजवून, दिवे लावून चालण्याजोगा करा. वाटेत टेकायला दोन बाक ठेवा. डोळे-कान तपासणीचे शिबिर ग्रामसभेत ठरवा. आणि विसराळू झालेल्या म्हाताऱ्याचा अंगठा जमिनीच्या कागदावर कोणी घेत असेल, तर त्याला ते समजते आहे की नाही, हे आधी बघा. या आजारात आठवण जाते, तशी कधी कधी जमीनही जाते.

ज्यांनी आपल्याला शिवार दाखवले, त्यांना त्याच शिवारात रोज चार पावले सोबत देणे एवढे तरी आपल्या हाती आहे.