गाठ आहे ना, मग काढून टाका?

"गाठ आहे ना? मग काढून टाका एकदाची!" घरी फोन केला की हा सल्ला मिळणारच. बहुतेक गाठींच्या बाबतीत तो वाईटही नाही. पण डेस्मॉइड ट्यूमरच्या बाबतीत तो महागात पडू शकतो. हा आजार दर दहा लाखांत वर्षाला जेमतेम चार-पाच जणांना होतो, त्यामुळे तुमच्या गावातल्या सर्जनने तो क्वचितच पाहिलेला असणार.

डेस्मॉइड शरीरात दुसरीकडे पसरत नाही, म्हणून तो रूढ अर्थाने कर्करोग नव्हे. पण आजूबाजूच्या स्नायूंत आणि नसांत तो मुळांसारखा घुसतो. कापून काढला तरी पुष्कळदा त्याच जागी परत येतो. तो बहुधा तरुणांना, त्यातही स्त्रियांना जास्त होतो. पोटाच्या भिंतीतला तर अनेकदा बाळंतपणानंतर. आणि गंमत म्हणजे काही गाठी काहीही न करता आपोआप आक्रसतात. सोराफेनिब या औषधाच्या २०१८ मधल्या चाचणीत नुसती प्लासिबो गोळी घेणाऱ्यांपैकीही २० टक्के लोकांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या होत्या! म्हणूनच आता तज्ज्ञ आधी काही महिने एमआरआय करत लक्ष ठेवायला सांगतात.

पण गाठ वाढतच राहिली, दुखायला लागली, तर? इथे मला क्रायोअ‍ॅब्लेशनबद्दल बोलायचं आहे.

सीटी स्कॅनवर बघत बघत त्वचेतून बारीक सुया थेट गाठीत घालतात. सुईच्या टोकाशी दाबाखालचा आर्गॉन वायू एकदम प्रसरण पावतो आणि तापमान उणे शंभरच्याही खाली जातं (फिजिक्समधला जूल-थॉमसन परिणाम आठवतोय?). पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात. गोठवणं, वितळू देणं, पुन्हा गोठवणं असं चक्र चालतं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की बर्फाचा गोळा स्कॅनवर स्पष्ट दिसतो. मात्र त्याची दिसणारी कड म्हणजे शून्य अंश. पेशी खात्रीने मरतात ते त्याच्या काही मिलिमीटर आत. म्हणून गोळा गाठीच्या बाहेरपर्यंत न्यावा लागतो आणि तिथेच नस, आतडं किंवा त्वचा असेल तर पंचाईत होते. मग मध्ये सलाइन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून जागा करतात. काही ठिकाणी तेही जमत नाही.

फ्रान्समधल्या क्रायोडेस्मो-०१ या चाचणीत ५० रुग्ण होते, औषधांना न जुमानता वाढणाऱ्या किंवा त्रास देणाऱ्या गाठींचे. वर्षभराने ८६ टक्के रुग्णांत आजार वाढलेला नव्हता. आकडा छान आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि प्लासिबोची गोष्ट आपण आत्ताच पाहिली. शिवाय पाचातल्या एकाहून थोड्या जास्त रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. त्यामुळे "सुईने जादू" वगैरे मथळ्यांवर माझा विश्वास नाही.

तरीही वाढत्या, त्रासदायक आणि सुई पोहोचेल अशा गाठीसाठी हा पर्याय मोठ्या शस्त्रक्रियेआधी टेबलावर यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत निरोगासेस्टॅट हे खास डेस्मॉइडसाठीचं पहिलं औषध मंजूर झालं. ते चांगलं काम करतं, पण त्याच्या चाचणीत प्रजननक्षम वयातल्या ७५ टक्के स्त्रियांच्या बीजकोशांच्या कामावर परिणाम झाला. पुष्कळजणींचा तो औषध थांबवल्यावर गेला, हे खरं. पण बत्तीस वर्षांच्या, दुसरं मूल हवं असलेल्या बाईला हा आकडा आणि सुयांचा पर्याय दोन्ही एकाच बैठकीत कळायला नकोत का?

अडचण अशी की इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे रुग्ण सहसा स्वतःहून जात नाही, कुणीतरी पाठवावं लागतं. सर्जनकडे गेलात तर चाकूची भाषा, ऑन्कॉलॉजिस्टकडे गोळ्यांची. तेव्हा तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर ही वेळ आली, तर सार्कोमा सेंटर शोधा आणि थेट विचारा: माझ्या केसच्या चर्चेत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट होते का? गाठीपासून नस किती लांब आहे? आणि गाठ वाढते आहे हे किती महिन्यांच्या अंतराने काढलेल्या एमआरआयवरून ठरवलं?