सावली गेली, मंडप राहिला

माझी बहीण लग्न होऊन हैदराबादेत नारायणगुड्याला गेली. मे महिन्यात रजा टाकून, मुलांना घेऊन चार दिवस तिच्याकडे जायचे हा आमचा ठरलेला कार्यक्रम. अशाच एका मे महिन्यात तिथल्या एका मैदानावर ‘शून्य सावली दिवस’ साजरा होणार असे कळले, म्हणून गेलो. परत आलो ते डोके तापवून, आणि त्याला कारण ऊन नव्हते.

शून्य सावली म्हणजे काय ते आधी सांगतो. मी कलाशाखेचा, त्यामुळे मला समजले तसे सांगतो. हैदराबाद साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्याची क्रांती तितकीच होते तेव्हा भर माध्यान्ही सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. वर्षातून दोनदा, ९ मे आणि ३ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टात ढग असतात, म्हणजे हाताशी उरला मे. वेळ दुपारी १२ वाजून १२ मिनिटे. त्याला लागते काय? एक सरळ काठी. दुर्बीण नको, काळा चष्मा नको, तिकीट नको.

मैदानावर मात्र काय होते? मंडप! सावली नाहीशी होताना पाहायला जमलेली माणसे कनातीच्या गार सावलीत खुर्च्यांवर बसलेली. समोर समई, हारतुरे, प्रमुख पाहुण्यांसाठी राखीव सोफा. पाहुणे आले साडेबाराला. सूर्य काही त्यांच्यासाठी थांबला नव्हता. तोवर एक तरुण माइकवरून इंग्रजीत भाषण करत होता. बाहेर कलिंगडवाला आपल्या गाडीच्या दांड्याकडे बघत उभा होता, त्याची सावली खरोखरच गेली होती. त्याने तेलुगूत काहीतरी विचारले. कोणी उत्तर दिले नाही.

माझ्याबरोबर बहिणीच्या सासूबाई होत्या. मूळच्या नांदेडकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी मला विचारले, “काय हो भाऊ, सावली गेली म्हणजे हे बी गिऱ्हाणच का?” प्रश्न अगदी रास्त होता. मी तो धीर करून एका स्वयंसेवकाला हिंदीत विचारला. तो हसला आणि म्हणाला, आंटीजींना सांगा, तसले काही नसते.

‘तसले काही नसते’ हे उत्तर नव्हे, ही वाटेला लावण्याची रीत आहे. सरकारी खात्यात आयुष्य गेले माझे, ती रीत मी चांगली ओळखतो. तिथला अहवाल कसा झाला असेल तेही मला न वाचता सांगता येईल, कारण असे अहवाल मीच टंकलिखित करतो. दीपप्रज्वलन, मान्यवरांचे मनोगत, उपस्थिती समाधानकारक, सोबत छायाचित्रे चार. सावली कोणाकोणाला कळली हा रकाना आमच्या कुठल्याच नमुन्यात नसतो.

आणि हे कुठल्या शहरात? ज्या शहरात १९०१ साली नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली. पुढे निजामिया म्हणून ती बेगमपेठेत गेली आणि आकाशाच्या जागतिक नकाशातला दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा तिने मोजून दिला, लक्षावधी ताऱ्यांची स्थाने नोंदवली. वेणू बाप्पूंचे वडील तिथे नोकरीला होते, आणि तो मुलगा पुढे भारतातला मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला. आज त्या आवारात अर्थशास्त्राची संस्था आहे.

‘शास्त्र आपल्या भाषेत सांगता येत नाही हो’ असे म्हणणाऱ्यांनीही ह्या शहराचा इतिहास वाचावा. १९०६ साली कोमर्राजू लक्ष्मणराव ह्यांनी इथे विज्ञानचंद्रिका मंडळी काढून तेलुगूत शास्त्राची पुस्तके छापायला सुरुवात केली. हे गृहस्थ शिकले नागपुरात आणि मराठीतही लिहीत. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. (प्रजेतले बहुसंख्य तेलुगू, मराठी, कानडी बोलणारे, तेव्हा तिथेही राजाचीच भाषा चालली, हे कबूल.) आणि क्रांती, अक्षांश, याम्योत्तर हे शब्द आपल्याकडे पंचांगवाल्यांना सोपे जातात, विज्ञानवाल्यांना तेवढे अवघड! गोव्यात आपल्या भाषांवरून आपण भांडतो, मोर्चे काढतो, आणि दुर्बिणीजवळ गेलो की सगळे गुपचूप इंग्रजी होतो.

पदरमोड करून दुर्बिणी वाहणारी मंडळी मला माहीत आहेत. पणजीत जुंता हाउसच्या गच्चीवर रांगेत उभे राहून मी पहिल्यांदा शनी पाहिला, तो अशाच माणसांमुळे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लोक मनात जे घेऊन येतात त्याला हात न लावण्याच्या सोवळेपणाबद्दल.

घरी आल्यावर मावशींनी दुसराच विषय काढला. ग्रहण लागले की ताटात पाणी घालून मुसळ उभे करायचे, ते आपोआप उभे राहते, सुटले की पडते. मराठवाड्यात आणि तेलंगणातही ही समजूत आहे. मी म्हटले, मावशी, उद्या करून पाहू. एका दिवसाने फारसे बिघडत नाही, सूर्य पाव अंशाने सरकतो, दोन हात मुसळाची सावली चार-पाच मिलिमीटर पडेल, दिसणारसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बाराला गच्चीत ताट ठेवले. मावशींनी स्वतःच्या हाताने मुसळ उभे केले आणि ते राहिले. बारा वाजून बारा मिनिटांनी सावली गेली. पोरे टाळ्या पिटू लागली.

मावशी म्हणाल्या, “राहणारच की. सावली गेली ना आज!”

संध्याकाळी सहाला, लांबलचक सावली पडलेली असताना, मी पुन्हा मुसळ त्यांच्या हातात दिले. पुन्हा राहिले. तेव्हा त्यांनी ते उलटे करून बूड निरखले, बोट फिरवले आणि म्हणाल्या, “सपाट हाय की हे.” त्यानंतर ग्रहणात त्या आंघोळ करायच्या थांबल्या असे मी म्हणणार नाही. थांबल्या नाहीत. पण मुसळाची गोष्ट शेजारणींना त्या आता स्वतः सांगतात, तीही तेलुगूत.

पणजीचे अक्षांश साडेपंधरा. इथे हा योग २-३ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास येतो. आमच्या ऑफिसच्या आवारात झेंड्याचा खांब आहे. साहेबांना विचारले तर ते म्हणाले, प्रस्ताव पाठवा, आणि प्रमुख पाहुणे कोण ते कळवा.